नाताळचे अंगठे

थर्मनला नवे बूट घ्यायला राजी करता करता माझा अख्खा जानेवारी गेला. जुन्यांचे तळ सुटले होते, टाचेपाशी कातडं फाटून आतला फोम बाहेर आला होता, आणि तरी हा माणूस त्यांना चिकटपट्टी गुंडाळून म्हणायचा, "अजून मेनपर्यंत जातील." मेनपर्यंत! परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जाताना ते फटक फटक वाजायचे.

मार्चमध्ये आम्ही निघणार होतो. जॉर्जियातल्या पहिल्या डोंगरापासून थेट वर देशाच्या उत्तर टोकाला, मेन राज्यापर्यंत, एका दमात, दोघं. लग्न झाल्यापासून हेच बोलत आलो होतो. ही डोंगरांतली चालायची वाट, आम्ही तिला नुसतं ट्रेल म्हणतो, आमच्या गावातून, अगदी हमरस्त्यावरून जाते. विजेच्या खांबांवर तिच्या पांढऱ्या खुणा रंगवलेल्या आहेत, आणि दर वसंतात पाठीवर बिऱ्हाड घेतलेली, घामानं आंबलेली माणसं त्या खुणा बघत उत्तरेकडे जातात. त्यांना आम्ही पॅनकेक खाऊ घातले, अंघोळीला गरम पाणी दिलं, आणि रजा मिळाली की आम्हीही ट्रेलचा एखादा तुकडा चालून आलो. पण तुकडा तो तुकडाच. थर्मन लाकडाच्या गिरणीत आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात. पुढे त्याची आई अंथरुणाला खिळली, ती गेली तशी माझी खिळली. आता दोघीही नाहीत आणि आमच्या नोकऱ्याही संपल्या. अडवणारं कुणी उरलं नाही, असं मला वाटत होतं.

ट्रेलवर कुणी आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारत नाही. तिथं दुसरंच कुणीतरी नाव ठेवतं आणि ते आयुष्यभर चिकटतं. थर्मन तिथं 'खेचर', कारण दमलेल्यांची ओझीही तोच उचलतो, आणि एकदा अडला की अडला. मी 'लोणचं', कारण पहिल्याच खेपेला काकडीच्या लोणच्याची काचेची बरणी पाठीवर घेऊन डोंगर चढले होते. आमच्या गावात ट्रेलवाल्यांचं दुकान चालवणारा ओडेल म्हणजे 'बिस्किट'. हे नाव त्याला का पडलं ते तो सांगत नाही.

बिस्किटच्या दुकानात आम्ही मुद्दाम दुपारी गेलो. सकाळी पाय आक्रसलेले असतात, दुपारी जरा फुगतात, आणि सकाळी घेतलेला बूट दुपारी चावतो. पाठपिशव्याही भरून नेल्या होत्या. रिकाम्या पाठीनं निवडलेला बूट ओझं चढवल्यावर दगा देतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"ए खेचरा!" बिस्किट शेगडीत लाकूड सारत ओरडला. "नाल ठोकायला आणलं का लोणच्यानं?"

"मी माझ्या मनानं आलोय," थर्मन म्हणाला.

"कानाला धरून आणलंय," मी म्हणाले. "आणि त्याच्या त्या बुटांना हात लावू नकोस, धनुर्वात होईल."

बिस्किटनं लावलाच हात. बूट उलटा करून बघितला आणि प्रेताला दाखवावा तेवढा आदर दाखवून दाराबाहेर ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, असले जड कातडी बूट आता कुणी घालत नाही. भिजले की आठवडाभर वाळत नाहीत. जाळीचे हलके घे. झरा ओलांडला, पाणी आत आलं, दोन पावलं टाकली, पाणी बाहेर. झिजले की टाकून द्यायचे आणि पुढच्या गावात दुसरे घ्यायचे."

"जाळी?" थर्मन म्हणाला. "जाळी माझी आजी खिडकीला लावायची. माशा येऊ नयेत म्हणून."

"तुझ्या पायांच्या वासाला माशा यायच्या नाहीत, काळजी करू नकोस."

आम्ही तिघंही हसलो. आता आठवलं की वाटतं, आमचं तेवढंच हसणं शिल्लक होतं.

आधी माझी निवड झाली. मी बुटांच्या बाबतीत भयंकर चिकित्सक आहे आणि त्याची मला लाज नाही. एक करंगळीला घासत होता, दुसऱ्याची टाच वर सरकत होती, तिसऱ्याची जीभ घोट्याच्या हाडाला लागत होती. बिस्किट माडीवर जाऊन खोकी आणत होता आणि मला शिव्या घालत होता. शेवटी एक निळी जोडी बसली. दीड नंबर मोठी घेतली, कारण रोज चालून पाय पसरतात आणि पुन्हा म्हणून पूर्वीसारखे होत नाहीत.

थर्मनचं काम मात्र झटपट चाललं होतं. पहिली जोडी घातली, "झकास." दुसरी घातली, "ही पण झकास." बिस्किट म्हणाला, "अरे, ही अर्ध्या नंबरानं लहान आहे, तुला अंदाज यावा म्हणून दिली." तर हा म्हणतो, "असेल. पण बसली."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मोज्याची शिवण अंगठ्याला लागते म्हणून भर चढावर बसून मोजे उलटे करून घालणारा माणूस हा. मला वाटलं, दुकानातून लवकर सुटायचं म्हणून झकास झकास म्हणतोय. बायकोनं खरेदीला आणलेले पुरुष असंच करतात.

"आणि अंगठ्यांचं काय झालं?" बिस्किटनं फीत ओढत विचारलं. "आले का परत?"

"नाताळलाच आले," थर्मन म्हणाला. "हिला विचार."

तर हे अंगठ्यांचं प्रकरण असं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही व्हर्जिनियात मोठा तुकडा चालून आलो. दगडच दगड. परत आल्यावर थर्मन म्हणाला, अंगठे बधिर झालेत. ट्रेलवाल्यांत यात काही नवल नाही. महिनोन्महिने पाय आपटले की बोटं मुकी होतात आणि थंडी पडेपर्यंत तशीच राहतात. याला आमच्यात 'नाताळचे अंगठे' म्हणतात, कारण नाताळपर्यंत जीव परत येतो. ज्याला सांगावं तो पाठीवर थाप मारून म्हणतो, "अरे वा, आता तू खरा चालणारा झालास. नाताळपर्यंत थांब." थर्मनलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. बिस्किटनंही सांगितलं. नाताळच्या जेवणाला थर्मननं टेबलाखाली पाय हलवून बघितले, पेला उंचावला आणि जाहीर केलं, "आले बरं का!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीनं तर अंगठ्यांच्या नावानं पाईचा एक तुकडा बाजूला काढला.

दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून बिस्किटनं एक लाकडी उतार केलाय, त्यावर दगड ठोकून बसवलेत. बूट घालून, ओझं घेऊन त्यावरून खाली यायचं. उतरताना अंगठा पुढे आपटला तर बूट बाद. असा बूट ट्रेलवर नखं काळी करतो आणि मग ती गळतात.

शेवटची राखाडी जोडी घालून थर्मन वर गेला आणि खाली आला. पुन्हा वर गेला आणि खाली आला.

"अंगठा लागतो का पुढे?" बिस्किटनं विचारलं.

"छे. ऐसपैस जागा आहे. लोण्यात पाय घातल्यासारखं वाटतंय. हीच दे, बांधून टाक."

मी तोवर जमिनीवर पसरलेली खोकी आवरत होते. नव्या बुटांच्या टोकात कागदाचे बोळे कोंबलेले असतात, तेही गोळा करत होते. माझ्या प्रत्येक जोडीचे दोन दोन बोळे होते. राखाडी जोडीच्या खोक्यापाशी एकच होता. मी खोकं हलवून बघितलं, बाकाखाली वाकून बघितलं. दुसरा बोळा कुठंच नव्हता.

"थर्मन," मी म्हणाले, "डावा बूट काढ."

"कशाला? बसलाय की."

"काढ म्हणते ना."

त्यानं काढला. मी आत हात घातला. बोळा तिथंच होता, माझ्या मुठीएवढा, अंगठ्याच्या जागी चेपून घट्ट बसलेला. हा माणूस त्याच्यावर पाय कोंबून, भरल्या पाठीनं, दगडांवरून दोनदा उतरला होता.

मी बोळा बाहेर काढून त्याच्या समोर धरला. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग बिस्किटकडे बघून म्हणाला, "तू काढला नाहीस होय? असला कसला दुकानदार रे तू." पण हे तो फार हळू म्हणाला, आणि बिस्किट हसला नाही.

"मोजा काढ," मी म्हणाले.

"व्हेला, इथं नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या तरी तळपायाला आग कळते. मी गुडघ्यांवर बसले, त्याची पोटरी काखेत दाबली आणि मोजा ओढून काढला. ऑक्टोबरपासून तो मोजे घालून झोपत होता. थंडी वाजते म्हणायचा. आत जखमेची पट्टी होती, आपल्याच हातानं आपल्याच तळव्याला बांधलेली, वेडीवाकडी. ती ओली होऊन सरकली होती. खाली, अंगठ्याच्या मुळाशी, नाण्याएवढा खड्डा होता. त्याच्या कडा पांढऱ्या होत्या आणि मध्ये ताजं लाल मांस दिसत होतं. त्याला वास येत होता. अशी जखम मला असती तर मी पलंगावरून खाली पाय ठेवला नसता. हा उतारावरून चालून येऊन लोणी म्हणत होता.

बिस्किटनं राखाडी बूट उचलले, खोक्यात ठेवले आणि खोकं आतल्या खोलीत नेलं. परत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

"मी हे तुला विकणार नाही, खेचरा," तो म्हणाला.

"मग मी शहरात जाऊन घेईन, ॲशव्हिलला."

"घे. पण मी विकणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "मीच म्हटलं होतं गं याला, नाताळपर्यंत थांब म्हणून."

सगळ्या गावानं म्हटलं होतं.

थर्मननं दाराबाहेरचे आपले जुने बूट आणून घातले, नीट फिती बांधल्या, आणि दोन्ही पाठपिशव्या एकट्यानं उचलून गाडीत टाकल्या. माझी निळी जोडी बाकावर तशीच राहिली.

गाडी मी चालवली. नदीच्या काठाकाठानं जाताना तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

"डॉक्टरकडे गेला होतास का?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात."

"कधी? ऑक्टोबरात तर तू टायर बदलायला म्हणून ॲशव्हिलला..."

"टायरही बदलले."

"काय म्हणाला डॉक्टर?"

"साखर आहे म्हणाला. बरीच वर्षं असणार. पायाच्या नसा मेल्यात."

"त्या परत येतात का?"

त्यानं मान हलवली. "त्या नाताळला येत नाहीत म्हणाला. नाही, नाताळ वगैरे तो नाही म्हणाला. मी म्हणतोय."

"आणि जखम?"

"पाय टेकवू नका म्हणाला. भरेपर्यंत."

"म्हणजे चालू नका."

"टेकवू नका, एवढंच म्हणाला."

"मग मेनला कसा जाणार होतास, थर्मन? उडत?"

मी तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी विचारलं, "आणि नाही भरली तर?"

"आधी अंगठा," तो म्हणाला. "मग पुढचं पुढं बघू म्हणाला."

इतके महिने तो माझ्याबरोबर टेबलाशी बसून नकाशे बघत होता. कुठल्या गावात टपालानं शिधा पाठवायचा, कुठे नदी होडीनं ओलांडायची, कुठल्या डोंगरावर माझा वाढदिवस येईल. हे सगळं बोलताना त्याला ठाऊक होतं. मला त्याचा संताप यायला हवा होता आणि आलाही, पण टिकला नाही. त्याच्या जागी जे आलं ते फार वाईट होतं. मला स्वच्छ दिसलं की आता काही होणार नाही. मार्च येईल, दारावरून माणसं उत्तरेकडे जातील, मी त्यांना पॅनकेक वाढीन, आणि हा माणूस खुर्चीत बसून त्यांच्या बुटांकडे बघत राहील. पुढच्या वर्षीही तेच. आणि दर वर्षी त्याच्या पायाचा थोडा थोडा भाग कमी झालेला असेल.

"जरा ऐक," तो म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात. "निम्मी माणसं पाय दुखतात म्हणून व्हर्जिनियातूनच घरी जातात. बरोबर? माझे दुखतच नाहीत. असे पाय ट्रेलवाल्याला मागून मिळत नाहीत, व्हेला. तू फक्त रोज संध्याकाळी बघायचे. पट्टी बदलायची. माझ्या वाटचं 'आई गं' तू म्हणायचं. बाकी चालायचं काम माझं."

हे तो विनोद म्हणून म्हणत नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचे डोळे लहान मुलासारखे आशेनं भरले होते. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी बसून राहिले. रडू आलं नाही. रडू आलं असतं तर काहीतरी मोकळं झालं असतं.

घरी स्वयंपाकाच्या टेबलावर हिवाळाभर वाळवलेलं सगळं मांडलेलं होतं: राजमा, सफरचंदाच्या चकत्या, गाजरं, बटाट्याचा कीस. वाटेवर खायचं. मी टेबलाकडे पाठ करून कोमट पाणी आणि साबण आणला, त्याची जखम धुतली आणि नवी पट्टी बांधली. धुताना मी तीनदा विचारलं, "दुखतंय का?" सवय हो. तो तिन्ही वेळा म्हणाला, "नाही."

पट्टी बांधून झाल्यावर त्यानं पाय माझ्या मांडीवरून काढला नाही. उलट दुसराही आणून ठेवला.

"एक करू," तो म्हणाला. "सगळंच मेलं नसणार. डॉक्टरनं कसली ती तार टोचून बघितली, दोन मिनिटांत कारभार उरकला. त्याला काय माझे पाय ठाऊक? तुला ठाऊक आहेत. मी डोळे मिटतो. तू हात लाव, कुठंही. मी सांगतो कुठं लावलास. सांगता आलं तर आपण जायचं. हळू जाऊ, थांबत थांबत जाऊ, पण जायचं. नाही सांगता आलं तर मी पुन्हा ट्रेलचं नाव काढणार नाही. शब्द."

खेचराचा शब्द. आजवर त्यानं तो मोडला नव्हता.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. मलाही जायचं होतं. त्याच्याइतकंच जायचं होतं, हे आजवर कुणी मला विचारलंच नाही. आणि माझ्या मनातही कुठंतरी चोरटी आशा होती की डॉक्टर चुकला असेल.

त्यानं खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. घट्ट, लबाडी न करता. बाहेर ऊन उतरलं होतं आणि खिडकीतून येऊन फरशीवर पडलं होतं. घरात आवाज म्हणून नव्हता. मी गुडघ्याखाली बोट टेकलं.

"पोटरी. उजवी," तो लगेच म्हणाला.

जरा खाली सरकले. "पोटरीच. खालची बाजू." मग घोट्यावर टेकलं. तो थोडा थांबला. "घोटा?" मी हो म्हटलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मग मी डाव्या पायाला हात लावला. पावलाच्या वरच्या बाजूला, जिथं फितीची गाठ येते तिथं, चांगलं दाबलं. तो काहीच बोलला नाही. वाट बघत होता. मी आणखी जोरात दाबलं, नख रुतेल इतकं. तो कान देऊन ऐकत होता, माझी खुर्ची करकरते का, माझी बाही सरकते का.

मी हात काढून घेतले. दोन्ही हात मांडीवर, त्याच्या पायांच्या मध्ये, ठेवून बसले.

"अंगठा," तो म्हणाला. "डावा. हो, लागलं. अगदी बरोबर अंगठ्यावर."

माझे हात मांडीवरच होते.

"आणि आता शेजारचं बोट," तो म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं भरून आला होता. "बघ, म्हटलं नव्हतं? आता तळवा. आता टाच. तू हळू लावतेयस ना, तरी कळतंय. सगळं कळतंय, व्हेला."

मग मला राहवलं नाही. मी त्याचं डावं पाऊल दोन्ही हातांत घेतलं, माझ्या पोटाशी धरलं आणि बोटं दुखेपर्यंत आवळलं.

तो डोळे मिटूनच हसत होता. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "थांबलीस का? लाव की हात."